नाव, गाव आणि छायाचित्र

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वृत्तपत्राचे छायाचित्रकार होते. मी त्यांच्या हाताखाली डार्करूममध्ये काम शिकलो. प्रिंट वाळली की ती पालथी घालून ते मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहीत. नाव, गाव, तारीख. मंत्र्याच्या फोटोमागे ते असं काही लिहीत नसत, कारण मंत्र्याचं नाव बातमीत येणारच असे. ते लिहीत गोदीतल्या माथाड्याच्या, विहीर खणणाऱ्याच्या, रस्त्यावर खडी पसरणाऱ्या बाईच्या फोटोमागे. माझा आजचा विषय त्या सवयीतून आला आहे. शहरांमधल्या मोठ्या रेल्वे प्रकल्पांवर राबणाऱ्या माणसांची छायाचित्रं कोण काढतं, कशासाठी काढतं, आणि ती काढून झाल्यावर त्या माणसाला त्यातून काय मिळतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

सुरुवात मुंबईच्या मेट्रो-३ पासून करतो, कारण आपल्यापैकी बरेच जण आता तिनं प्रवास करतात. आरे ते कफ परेड असा हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग. स्थानकं २७, त्यातली २६ जमिनीखाली. बोगदे खणण्यासाठी १७ टनेल बोअरिंग मशिनं (टीबीएम) उतरवली होती, आणि त्यांना आपल्या नद्यांची नावं दिली होती : वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तापी, तानसा, सूर्या, वैनगंगा. पुण्यात मुठेच्या खालून आणि कसबा, बुधवार पेठेखालून गेलेल्या यंत्रांचीही नावं मुळा, मुठा, पवना अशीच. सप्टेंबर २०१८ मध्ये गोदावरी विमानतळाच्या स्थानकात बाहेर आलं, ते मेट्रो-३ चं पहिलं ब्रेकथ्रू. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेचाळिसावं आणि शेवटचं झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडी कफ परेडला पोचली. कोणतं यंत्र कुठे उतरलं, कुठे निघालं, त्यानं किती मीटर खणलं, हे सगळं नोंदलेलं आहे आणि कुणालाही वाचता येतं. ते यंत्र चालवणाऱ्या, त्याच्या मागे एकेक रिंग बसवणाऱ्या माणसांची नावं मात्र आपल्याला कुठे वाचायला मिळत नाहीत. यंत्राला नाव दिलं याबद्दल माझी तक्रार नाही, ती छान पद्धत आहे. माणसालाही तेवढा मान मिळावा एवढंच म्हणणं आहे.

ही उणीव आजची नाही. आपल्याकडे ती बोरघाटापासून आहे. बोरघाटाचा रेल्वेमार्ग हा शहरी प्रकल्प नव्हे हे मला मान्य आहे, पण देशावरचा कापूस त्या वाटेनं बंदरात उतरू लागला आणि मुंबई मोठी झाली, म्हणून तो मी मुंबईच्याच खात्यात धरतो. १८५६ मध्ये काम सुरू झालं, १८६३ मध्ये गाडी घाट चढली. पंचवीसएक किलोमीटरच्या चढणीत पंचवीस बोगदे. १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांवर माणसं एकाच वेळी कामावर होती. पटकीनं आणि तापानं हजारो माणसं घाटातच गेली. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या सुरुवातीला दंगा झाला आणि फेव्हिएल नावाच्या कंत्राटदारानं पुढे काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि इथे उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ते कंत्राट पुढे चालवलं आणि पुरं केलं. ही बाई छायाचित्रंही काढत असे. तिनं काढलेल्या घाटकामाच्या छायाचित्रांचा अल्बम आजही जपून ठेवलेला आहे. भारतातल्या रेल्वेबांधणीच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी ती आहेत.

त्या काळच्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात जो हलला तो पुसट झाला. कडा हलत नाही, कमान हलत नाही, म्हणून त्या काळच्या चित्रांत दगड स्वच्छ येतो. पाटी उचलणारा माणूस हलणारच. स्पष्ट यायचं तर त्यानं पाटी खाली ठेवून, श्वास रोखून उभं राहायला हवं, आणि मग ते कामाचं चित्र राहत नाही. छायाचित्रणाच्या सुरुवातीलाच कामगार असा विरघळून गेला. त्याला तंत्राचं कारण होतं. पुढे कॅमेरे वेगवान झाले, सेकंदाचा हजारावा भाग पकडू लागले, तरी माणूस पुसटच राहिला. त्याचं कारण तंत्रात नाही.

लंडनमध्ये १८६० च्या दशकात भुयारी रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा हेन्री फ्लॅथर नावाच्या छायाचित्रकारानं त्याची चित्रं काढली. रस्ता उभा चिरून केलेले खोल चर, लाकडी टेकू, विटांच्या कमानी आणि त्यात मध्येच मजूर. न्यूयॉर्कची गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथला सबवे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाला. त्याच्या बांधकामाची चित्रं पियरे आणि ग्रॅनव्हिल पुलिस या दोघा भावांनी काढली, आणि सबवे पसरत गेला तसं हे काम पुढे कित्येक वर्षं चाललं. हजारो काचेच्या निगेटिव्ह. प्रत्येकीवर तारीख आणि रस्त्याचा पत्ता. हे सगळं माणसांच्या प्रेमापोटी झालं असं समजू नका. खोदाईनं आपल्या इमारतीला तडा गेला असा दावा उद्या कुणी मालक घेऊन आला, तर काम सुरू होण्यापूर्वी ती इमारत कशी होती याचा पुरावा हवा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. त्या चित्रांत कामगार आहेत, आणि काही चित्रांत ते कॅमेऱ्याकडे इतक्या सरळ बघतात की नजर काढवत नाही. पण निगेटिव्हवर पत्ता घराचा आहे, माणसाचा नाही.

गिरगाव-काळबादेवीत मेट्रोचं काम सुरू होण्यापूर्वी आपल्याकडेही जुन्या चाळींच्या भिंतींची पाहणी झाली, तड्यांचे फोटो निघाले, तड्यावर मोजपट्ट्या चिकटवल्या गेल्या. ते आवश्यकच होतं, शंभर वर्षांच्या चाळीखालून बोगदा जाणार असेल तर करायलाच हवं. पण सव्वाशे वर्षांनंतरही आपली नोंद करायची पद्धत तीच आहे, हे माझ्या मनातून जात नाही. भिंतीतल्या तड्याची फाइल असते. त्या भिंतीखालून सुखरूप बोगदा काढणाऱ्याची नसते.

छायाचित्रकार लुइस हाइननं हे वेगळं करून दाखवलं. १९०८ पासून त्यानं अमेरिकेतल्या गिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रं काढली. तो मुलाचं वय, उंची, काय काम करतो, किती तास करतो, हे टिपून घेत असे, आणि शक्य तिथे नावही. त्या टिपणांमुळेच ती चित्रं बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात पुरावा म्हणून उभी राहिली. नुसती करुण चित्रं असती तर लोकांनी हळहळून पान उलटलं असतं. पुढे १९३०-३१ मध्ये त्यानं एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधणाऱ्यांची चित्रं काढली. त्याच्यासमोर मी दुसरं एक चित्र ठेवतो, आपण सर्वांनी पाहिलेलं. न्यूयॉर्कवर अधांतरी तुळईवर अकरा कामगार ओळीनं बसून जेवताहेत. सप्टेंबर १९३२ मधलं, रॉकफेलर सेंटरच्या बांधकामावरचं. ते प्रसिद्धीसाठी जुळवून काढलेलं होतं. जगात सगळ्यात जास्त खपलेल्या चित्रांपैकी ते एक असेल, आणि त्या अकरांतल्या बहुतेकांची खात्रीलायक नावं आजही सांगता येत नाहीत. एवढी कीर्ती मिळून माणूस निनावी राहू शकतो.

आता प्रत्यक्ष बोगद्यात जाऊ. शाफ्टच्या, म्हणजे खोल उभ्या विहिरीच्या, जिन्यानं किंवा लिफ्टनं वीस-पंचवीस मीटर खाली उतरलं की पहिली अडचण हवेची. खाली दमट उकाडा असतो, लेन्सवर लगेच वाफ धरते, आणि ती पुसण्यात पहिली काही मिनिटं जातात. मग आवाज. समोर बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, शब्द येत नाहीत, म्हणून खाली सगळे हातानं बोलतात. टीबीएम म्हणजे नुसतं पुढचं फिरणारं तोंड नव्हे. त्याच्या मागे शंभर मीटरच्या आसपास लांबीची गाडी असते. त्यात कंट्रोल केबिन, ग्राउटचे पंप, केबलची गुंडाळी, मातीचा पट्टा. पुढचं तोंड खडक कुरतडून सेगमेंटच्या रुंदीइतकं पुढे सरकलं की खोदाई थांबते आणि रिंग बांधायची पाळी येते. काँक्रीटचे वाकडे सेगमेंट एकेक करून इरेक्टर उचलतो आणि जागेवर नेतो. हातात रिमोट घेतलेला रिंग बिल्डर बोटानं इंच-इंच सरकवतो, दोघे-तिघे बोल्ट घालून आवळतात, शेवटी किल्लीचा लहान सेगमेंट पाचरीसारखा आत ढकलला की वर्तुळ पुरं होतं. मुंबईचा काळा बसाल्ट एका जागी पोलादासारखा आणि पुढे दहा मीटरवर ठिसूळ ब्रेशिया, त्यात पाणी. खडकाचा रंग बदलला, पाण्याची धार बदलली, कटरचा आवाज बदलला, हे यंत्र चालवणाऱ्या पायलटच्या आधी कधी कधी पट्ट्याशी उभ्या माणसाला कळतं. हे ज्ञान आहे. त्याला आपण मजुरी म्हणतो.

इथे फ्लॅश मारला तर काय होतं ते सांगतो. जॅकेटवर, हेल्मेटवर चंदेरी परावर्तक पट्ट्या असतात. त्या फ्लॅशचा सगळा उजेड सरळ कॅमेऱ्यात परत फेकतात. चित्रात पट्ट्या पांढऱ्याफेक पेटलेल्या येतात आणि त्यांच्या उजेडापुढे चेहरा काळा पडतो. कॅमेऱ्याला स्वयंचलित ठेवलं तर तो त्या पट्ट्यांना सांभाळतो, माणसाला अंधारात ढकलतो. बोगद्यातले कितीतरी फोटो असे आहेत : जॅकेटं उभी आहेत, आत कुणी नाही. माझ्याकडच्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी फ्लॅश बंद करायला सांगतो. शेजाऱ्याच्या हेडलॅम्पचा उजेड तोंडावर तिरपा येईपर्यंत थांबायचं. त्यासाठी शेजारी कोण, तो कधी वळतो, कशासाठी वळतो, हे कळावं लागतं, म्हणजे काम कळावं लागतं. बोल्ट कधी आवळतात हे ज्याला माहीत नाही त्याला तो चेहरा मिळत नाही. आणि पाळी संपेपर्यंत थांबावं लागतं, कारण खरे चेहरे वर आल्यावर दिसतात. हेल्मेट काढलेलं असतं, कपाळावर पट्ट्याची लाल खूण असते, आणि माणूस घरी फोन लावत असतो.

असं थांबून चित्रं काढायची मुभा मात्र थोड्यांनाच मिळते. प्रकल्पाची बहुसंख्य चित्रं प्रसिद्धी विभागासाठी निघतात. त्यात ब्रेकथ्रूचं चित्र ठरलेलं : धूळ, फुटलेली भिंत, कटरहेडसमोर तिरंगा, पिवळ्या हेल्मेटांची दाटी, मध्ये अधिकाऱ्यांची पांढरी हेल्मेटं. त्या दिवसाचा आनंद खोटा नसतो. वर्षभर अंधारात काम करून भिंत फुटली की माणसं नाचतात, आणि ते मला नेहमी भावतं. पण फोटोओळीत पांढऱ्या हेल्मेटांची नावं हुद्द्यासकट येतात आणि बाकीचे ‘कामगार व कर्मचारी’ होतात. अलीकडे त्यात ड्रोनची भर पडली आहे. वरून गर्डर दिसतो, वळण दिसतं, शहर सुंदर दिसतं. माणूस पिवळा ठिपका होतो.

दुसरी तऱ्हा अपघाताच्या चित्रांची. मे २०२० मध्ये टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि सोळा जण मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकरी-पोळ्यांचं चित्र साऱ्या देशानं पाहिलं. ते चित्र छापायला हवंच होतं, यात मला शंका नाही. पण जिवंतपणी त्यांच्या कामाचं एकही चित्र आपण पाहिलेलं नव्हतं. याउलट नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिलक्याराच्या रस्त्याच्या बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस अडकले, तेव्हा ढिगाऱ्यातून ढकललेल्या सहा इंची पाइपमधून छोटा कॅमेरा आत गेला. अस्पष्ट, थरथरती ती दृश्यं होती. हेल्मेट घातलेली माणसं कॅमेऱ्याकडे येतात, एकेक जण हात करतो. झारखंडात, बिहारमध्ये, ओडिशात घरच्यांनी पडद्यावर आपला माणूस ओळखला. कामगाराच्या चित्राचा पहिला हक्कदार कोण, हे त्या दिवशी अगदी उघड झालं. ते चित्र आधी घरच्यांचं होतं, मग बातमीचं.

आमच्या व्यवसायातल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. बांधकामाच्या जागी कॅमेरा निरुपद्रवी नसतो. सेफ्टी बेल्टचा हूक अडकवायचा राहिलेला माणूस तुमच्या चित्रात आला आणि ते चित्र फिरलं, तर दंड त्याला होतो, कधी कधी कामच जातं. हूक अडकवायला तिथे दोरी होती का, हे त्या चित्रात दिसत नाही. म्हणून माझा नियम असा की ज्या चित्रानं कामगाराची रोजी जाऊ शकते ते मी त्याला विचारल्याशिवाय बाहेर देत नाही, आणि ज्यात धोका कंत्राटदाराच्या हलगर्जीनं आलेला स्पष्ट दिसतो ते, त्याच्या संमतीनं, नक्की देतो. संमती म्हणजे मुकादमाची नव्हे. मुकादम ‘काढा हो, काही हरकत नाही’ म्हणतो तेव्हा तो दुसऱ्याच्या चेहऱ्याची परवानगी देत असतो.

बहुतेक वेळा कामगार एकच गोष्ट मागतो. माल्द्याकडचा एक सळई बांधणारा मला म्हणाला, ‘गाँव भेजना है, मशीन के साथ निकालो.’ मी आधी त्याच्या हातांचे, तारेनं गुंडाळलेल्या बोटांचे फोटो काढत होतो. त्याला पूर्ण उंचीचा, अंगात स्वच्छ शर्ट, मागे यंत्र असा हवा होता. आपल्या छायाचित्रकारांना घट्टे पडलेले हात, घामेजलेली पाठ यांचा फार मोह असतो. कामगाराला आपण त्या कामाचे मालक दिसावं असं वाटतं. दोन्ही चित्रं काढावीत, पण आधी त्याचं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रं काढली, त्यात ही समज आहे. गटारात उतरलेला माणूस आहे, आणि तोच माणूस घरी, बायकामुलांत, स्वतःच्या खोलीतही आहे. म्हणून ती चित्रं नुसती कीव मागत नाहीत. आणि बायकांना विसरू नका. पत्रकार पी. साईनाथ यांनी गावोगाव काम करणाऱ्या बायकांची चित्रं काढून त्यांचं प्रदर्शन फिरवलं, तेव्हा डोळ्यांसमोर असूनही न दिसलेलं काम लोकांना दिसलं. मेट्रोच्या पत्र्याआड माती सारणाऱ्या, रस्ता धुणाऱ्या, लेबर कॅम्पात तीस-तीस जणांचं जेवण करणाऱ्या बायकांची तशी चित्रं मी फारशी पाहिलेली नाहीत.

नावं मिळत नाहीत, असं प्रकल्पाचे लोक मला सांगतात. कामगार बदलत असतात, उपकंत्राटदार बदलतात, कोण कुठे गेला कळत नाही. हे मला पटत नाही. फाटकावर प्रत्येकाचा गेटपास असतो, त्यावर नाव, गाव, रक्तगट आणि नखाएवढा फोटो. हजेरीपट असतो. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करायची तर नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला आणि पुन्हा फोटो लागतो, आणि त्याच व्यवस्थेसाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो. म्हणजे नावं आहेत, ती हजेरीपटात. चेहरे आहेत, ते प्रसिद्धी विभागाच्या हार्ड डिस्कवर. त्या दोन कपाटांची गाठ घालून द्यायचं काम कुणाला सोपवलेलं नाही, एवढाच प्रश्न आहे. कोकण रेल्वेनं बांधकामात प्राण गमावलेल्यांसाठी रत्नागिरीत श्रमशक्ती स्मारक उभारलं, हे फार मोलाचं झालं. पण नोंद होण्यासाठी माणसानं मरायला लागू नये.

कामं संपलेली नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत हायस्पीड रेल्वेचा एकवीस किलोमीटरचा बोगदा होतो आहे, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखाली. ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी मिळाली आहे. मेट्रोच्या महामंडळांतले जे अधिकारी हे वाचतील त्यांना माझी विनंती आहे : पुढच्या निविदेत एक कलम घाला. कंत्राटदारानं कामगारांच्या संमतीनं त्यांची नाव-गाव-कामासह छायाचित्रं नोंदवावीत, एक प्रत कामगाराला द्यावी, एक राज्याच्या अभिलेखागारात ठेवावी, आणि प्रत्येक स्थानकाच्या एका भिंतीवर ते स्थानक बांधणाऱ्यांची नावं लावावीत. या सगळ्याचा खर्च एका उद्घाटनाच्या मांडवापेक्षा जास्त होणार नाही. आणि तरुण छायाचित्रकारांना सांगतो, कलमाची वाट पाहू नका. मेट्रोच्या कामावर काढलेले जुने फोटो तुमच्या संगणकात असतील तर याच आठवड्यात ते उघडा आणि ज्यांनी कुणाची रोजी धोक्यात येणार नाही ते कामगारांच्या व्हॉट्सॲप गटांत पाठवून नावं विचारा. ओळखणारी माणसं अजून याच शहरात दुसऱ्या शाफ्टवर कामाला आहेत. वर्ष-दोन वर्षांत ती दुसऱ्या राज्यात जातील, तेव्हा आत्ताच विचारा.